दुपट्ट्याखाली ठरलेली गाडी

माझ्या अक्षराबद्दल आधीच माफी मागते. ऱ्हस्व कुठे आणि दीर्घ कुठे हे मला कधी नीट कळले नाही, आणि ओळ सरळ सुरू केली तरी पानाच्या टोकाला जाईपर्यंत ती उताराला लागते. शाळा चौथीपर्यंत झाली, कारण आमच्या गावात ती चौथीपर्यंतच होती. पाचवीसाठी दिग्रसला जावे लागे, आणि मुलीने रोज नाला ओलांडून इतक्या दूर कशाला जायचे, असे तेव्हा सगळ्यांनाच वाटे. मलाही वाटले. नव्या शाळेत गेल्यावर गुरुजी उभे करून नाव विचारतील, याचीच मला धास्ती होती. मी बोलायला फार लाजायची. लग्न होऊन ढाणकीला आले तेव्हा शेजारच्या बायांनी माझ्या सासूला विचारले होते म्हणे, सून मुकी तर नाही ना. तर अशा बाईने लिहिलेले हे आहे. कोणाला दाखवायचे नाही म्हणूनच लिहिता येते. दुपारी सून अंगणवाडीत गेली आणि भांडी पालथी घातली की मी दाराला कडी लावून बसते.

आज दादाच्या गाडीचे लिहायचे आहे. मागच्या महिन्यात नातीने मोबाइलवर तसल्याच एका गाडीचा फोटो दाखवला. कोणीतरी ती विकायला काढली होती. तीच उंच मडगार्डे, तीच लाल टाकी, तेच गुठळ्या-गुठळ्यांचे टायर. खाली किंमत लिहिली होती. नात म्हणाली, आजी, तुझ्या माहेरी अशी होती ना, वाच बरं किती. मी चष्मा लावून शून्ये मोजली, परत मोजली, आणि मला हसू आले. बाबा असते तर त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा झटकून म्हटले असते, फुकटच्या बाता नको करू.

बाबा बैलांचे दलाल होते. आमचे थोडे वावर होते, त्यात कापूस आणि तूर व्हायची, पण घर चालायचे ते बाबांच्या हातावर. हातावर म्हणजे खरोखर हातावर. बैलबाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. हातावर दुपट्टा टाकतात आणि त्या कापडाखाली बोटे बोलतात. एक बोट धरले की एक, दोन धरली की दोन, सगळा पंजा धरून दाबला की पाच, परत दाबला की आणखी पाच. हजारात बोलायचे की शेकड्यात, एवढेच आधी तोंडाने सांगायचे. भोवती सगळा बाजार उभा असला तरी भाव त्या दोघांनाच कळतो. पटले नाही तर हात काढून घ्यायचा, कोणाचा अपमान होत नाही. पटले तर दलाल दुपट्टा उचलतो, आणि मग बोट फिरवता येत नाही. बाबांचे बोट कधी फिरले नव्हते. म्हणून उमरखेडकडून, पुसदकडून माणसे बैल घेऊन यायची आणि आदल्या दिवशीच आमच्या अंगणात मुक्काम टाकायची. आमच्या घरात घड्याळ नव्हते, पण बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांवरून मायला वेळ कळायची. रवंथाची घुंगरे वेगळी वाजतात आणि उठून उभे राहिल्याची वेगळी.

माय म्हणजे माझी आई. ती बाबांच्या वाटणीचेही बोलायची. बाजाराच्या दिवशी आलेल्या सगळ्यांना पुरेल एवढा गोळाभात करायची. चण्याच्या भरड्याचे गोळे भातात शिजवलेले, वरून लाल मिरची तडतडवलेले तेल, आणि सोबत चिंचेचे सार. तेल ओतताना चर्रर असा आवाज झाला की बाहेर ओसरीवरची माणसे बोलायची थांबत. अजून मी गोळाभात करते, पण माझे तेल तसे वाजत नाही. सून म्हणते, आई, तेल कमीच घाला, तुमची शुगर वाढली.

दादा म्हणजे माझा मोठा भाऊ वसंता. तो यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या कारखान्यांच्या वसाहतीत एका वर्कशॉपमध्ये कामाला होता. तिथल्या मिस्त्रीला शर्यतीच्या गाड्यांचा नाद होता, तो दादाला लागला. माळावर मातीचे ढीग आणि चर करतात आणि त्यांवरून गाड्या उडवत नेतात, त्या शर्यतीला मोटोक्रॉस म्हणतात, हे आमच्या घरी दादामुळे कळले. नागपूरच्या एका श्रीमंताच्या मुलाने हौस फिटल्यावर अशी एक गाडी कोपऱ्यात टाकून दिली होती. परदेशात बनलेली आणि तेव्हाच कितीतरी वर्षांची जुनी. दादाने सगळा साठलेला पगार देऊन ती घेतली. तिला दिवा नव्हता, भोंगा नव्हता, मागे बसायला जागा नव्हती, नंबराची पाटी नव्हती आणि कागदपत्रेही नव्हती, कारण ती रस्त्यासाठी नव्हतीच. टाकीचा रंग स्वारांच्या गुडघ्यांनी घासून उडालेला होता आणि आतला पत्रा चांदीसारखा चमकायचा. गावाने तिला उडती गाडी नाव दिले. तिच्या पेट्रोलमध्ये एक खास तेल मिसळावे लागे. दादा त्याचा डबा नागपूरहून आणायचा. ते एरंडीचेच असायचे, फक्त साफ केलेले. गाडी चालू झाली की निळा धूर निघायचा आणि सगळ्या अंगणात एरंडेलाचा वास पसरायचा. आम्हाला लहानपणी माय नाक दाबून एरंडेल पाजायची, त्यामुळे गल्लीतली पोरे गाडीचा वास आला की तोंड झाकून पळायची.

दोन हंगाम दादा शर्यतींना गेला. अमरावतीकडे एकदा दुसरा आला, तेव्हा पितळेचा एक पेला आणला. माय त्यात दही लावायची. मग पुढच्या हंगामात तो पडला. गाडी वर आणि तो खाली. गुडघ्याचे हाड फुटले. सरकारी दवाखान्यात सळी घातली, पण हाड वाकडे जुळत चालले. नागपूरच्या एका डॉक्टरांनी सांगितले, दुसरे ऑपरेशन लवकर केले तर पाय वाकेल, नाहीतर जन्मभर काठीसारखा ताठ राहील. खर्च म्हणाले अकरा हजार. दादा तेव्हा चोवीस-पंचवीसचा असेल. ताठ पायाने वर्कशॉपमध्ये उकिडवे बसता येत नाही, आणि उकिडवे बसता आले नाही तर मिस्त्रीचे काम होत नाही. घरात विकण्यासारखे दुसरे काही नव्हते. वावर विकायचे नाही असे दादाच म्हणाला. म्हणाला, जिच्यापायी पाय गेला ती विका.

बाबा दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीभोवती फिरले. बैलाभोवती फिरायचे तसेच, आधी लांबून, मग जवळून, मग मागून. गाडी कडुनिंबाच्या बुंध्याला टेकवलेली होती. पाठीवर थाप मारायला हात वर गेला आणि सीटवर पडला.

"याचे दात कुठी पाह्याचे गा, वसंता?"

दादा ओसरीवर बाजेवर पडलेला होता. तो म्हणाला, मागच्या चाकाच्या साखळीच्या चकरीचे पाहा, झिजून टोकदार झाले असतील तर गाडी म्हातारी. बाबा खाली बसले आणि अंगठ्याने चकरीचा एकेक दात चाचपत राहिले. मग त्यांनी विचारले, असल्या गाडीला किंमत येते का. दादा म्हणाला, ज्याला समजते त्याच्यासाठी खूप, ज्याला समजत नाही त्याच्यासाठी भंगार. बैलाचंही तसंच असते, बाबा म्हणाले, आणि आणखी काही विचारले नाही. सांजेला जेवताना त्यांनी मायला सांगितले, डॉक्टरने अकरा सांगितले ना, मग गाडी अकराची.

गिऱ्हाइके येऊ लागली. पहिला भंगारवाला आला, त्याने येताच फांदीला तराजू टांगला आणि लोखंड वेगळे, ॲल्युमिनियम वेगळे, असा भाव सांगू लागला. माय शेणाचे हात घेऊन गोठ्यातून बाहेर आली.

"अजून जीव हाये तिच्यात. तू आत्ताच लाकडं मोजाले आला का?"

तो तराजू गुंडाळून गेला. मग एक दूधवाला आला. त्याला दोन्ही बाजूंना कॅन टांगता येतील का ते पाहायचे होते. दादा बाजेवरून म्हणाला, टांग, पहिल्याच उडीत लोणी निघन. दूधवाला विचारात पडला, कारण त्याला ते खरेच वाटले. तिसरा माणूस मात्र खरा गिऱ्हाईक होता. त्याला कडबा कापायच्या यंत्रासाठी फक्त इंजिन हवे होते. बाकीचा सांगाडा तुमचा तुम्ही ठेवा म्हणाला, आणि तीन हजार लगेच काढून ओसरीवर ठेवले. बाबा त्या नोटांकडे बघत उभे होते. दादाने भिंतीकडे तोंड केले. त्याच्या पाठीकडे पाहिले तरी कळत होते. बाबांनी नोटा उचलून त्या माणसाच्या हातात दिल्या आणि म्हणाले, आमच्याइथे बैलाचं काळीज वेगळं विकत नाहीत.

या सगळ्या दिवसांत गाडी रोज चालू करावी लागे. दादा म्हणायचा, बंद पडून राहिली तर आतून अवघडते, माझ्यासारखी. त्याला किक मारता येत नव्हती. बाबा हात लावायला तयार नव्हते. ते म्हणत, हे जनावर माझ्या ओळखीचे नाही. मग ते काम माझ्याकडे आले. दादाने बाजेवरून शिकवले. तेल मिसळलेले पेट्रोल पेल्याने मोजून टाकीत घालायचे, कळ उघडायची, किक हळूहळू दाबत जिथे जड लागते तिथे थांबायचे, आणि मग सगळे अंग टाकायचे. पहिल्यांदा तिने उलटा झटका दिला आणि माझी टाच सुजली. मग दादाने त्याचा शर्यतीचा बूट मला दिला. एका पायात तो गुडघ्यापर्यंतचा बूट आणि दुसरा पाय अनवाणी, परकराचा ओचा खोचलेला, अशी मी पालथ्या घमेल्यावर उभी राहून किक मारायची. पहिल्या दिवशी बैलांनी दावी तोडली. चार-पाच दिवसांनी ते नुसती मान वळवून बघू लागले. मी कोणाशी बोलत नव्हते, पण त्या गाडीला हाक मारली की ती ओ द्यायची. दुपारी अंगणात कोणी नसताना मी ती जरा जास्तच वेळ चालू ठेवत असे. हे मी कधी कोणाला सांगितले नाही.

दादाच्या मिस्त्रीने पुण्याला कोणालातरी निरोप पाठवला होता. त्यावरून एक दिवस श्रीरंग आले. दादाच्याच वयाचे, सडपातळ, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली. पुण्याच्या एका कारखान्यात नकाशे काढायचे काम करत. रात्रभर एसटीने प्रवास करून आले होते तरी पाणी पिण्याआधी गाडीकडे गेले. चाकाची एकेक तार नखाने वाजवून पाहिली. एक तार जरा बद्द वाजली तेव्हा त्यांनी दादाकडे पाहिले आणि दादाने मान हलवली, जसे दोन बाया एकमेकींच्या सुनेबद्दल न बोलता बोलतात. मग जमिनीवर आडवे होऊन खालून पाहिले. बाबा दारात उभे राहून हे सगळे बघत होते. मायला हळूच म्हणाले, पोराले जनावर समजते.

मग श्रीरंग म्हणाले, एकदा चालू करून ऐकता येईल का. गावातली माणसे एव्हाना जमली होती. मी आत दाराआड उभी होते. दादाने हाक मारली, "मंदे, ये व." मला वाटले जमिनीत जावे. मायने मला पाठीवर हात ठेवून बाहेर लोटले. मी कोणाकडे न बघता बूट चढवला, घमेल्यावर चढले, आणि किक मारली. पहिल्यांदा नाही झाली. कोणीतरी हसले. दुसऱ्यांदा ती अशी कडाडून उठली की हसणाऱ्याच्या कडेवरचे पोर रडायला लागले. श्रीरंग डोळे मिटून ऐकत होते. मी बंद केली तेव्हा ते मला म्हणाले, "तुम्ही रोज चालू करता ना? म्हणूनच इंजिन इतकं मोकळं आहे." मी मान खाली घालून आत पळाले. तुम्ही. सतरा वर्षांच्या आयुष्यात मला कोणी तुम्ही म्हटले नव्हते. चुलीपाशी बसून मी बराच वेळ बूट काढलाच नाही.

त्यामुळे पुढचे मी दाराच्या फटीतून पाहिले. बाबांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला. त्यांना दुसऱ्या कोणत्या पद्धतीने भाव बोलताच येत नव्हता. म्हणाले, हजारात बोलू. श्रीरंग म्हणाले, हो, हो. बाबांनी दोघांच्या हातांवर दुपट्टा टाकला. कापड जरासे हलले. मग परत हलले, जरा जोरात. आणि बाबांचा चेहरा बदलला. त्यांनी वळून ओसरीवरच्या दादाकडे पाहिले, त्याच्या पट्टी बांधलेल्या पायाकडे पाहिले, परत श्रीरंगांकडे पाहिले. त्यांचे डोळे भरल्यासारखे मला वाटले. त्यांनी दुपट्टा उचलला आणि म्हणाले, झालं.

"म्हणजे?" श्रीरंग म्हणाले. "किती झाले?"

भाव चारचौघांत बोलायचा नसतो. बाबा त्यांच्या कानाशी गेले आणि काहीतरी म्हणाले. श्रीरंगांचे हसू मावळले. त्यांनी गाडीकडे पाहिले, मग दादाकडे. मग म्हणाले, बरं. खिशातून, पिशवीतून, पँटच्या आतल्या खिशातून, असे तीन ठिकाणांहून पैसे काढून त्यांनी बाबांच्या हातात ठेवले. मायने जेवायचा आग्रह केला, पण कापसाचा एक टेम्पो यवतमाळला निघाला होता, तो चुकेल म्हणून ते घाईत होते. माणसांनी गाडी उचलून गाठोड्यांवर ठेवली. दादा म्हणाला, मला उठवून बसवा. टेम्पो वळणावर दिसेनासा होईपर्यंत तो बसून होता. मग म्हणाला, चांगल्या घरी गेली. लेकीबद्दल म्हणतात तसे.

सांजेला बाबांनी मायच्या पदरात पैसे टाकले. पंधरा हजार होते. बाबा म्हणाले, मी अकरा बोललो, त्या पोराने पंधराचं बोट दिलं. पंधरा. उभ्या जन्मात घेणाऱ्याला मागण्यापेक्षा वर जाताना पाहिले नव्हते. वसंताचा पाय पाहिला त्याने, बाबा म्हणाले, तोंडाने बोलला नाही, हाताने बोलला. मायने देवापाशी दिवा लावला आणि श्रीरंगांच्या नावाने साखर ठेवली.

ते पंधराही पुरले नसते असे झाले. ऑपरेशनचे अकरा, पण वर औषधे, रक्ताची बाटली, नागपुरात राहणे, येताना भाड्याची गाडी. घरी परतलो तेव्हा मायच्या पदराच्या गाठीत एसटीच्या तिकिटाएवढे उरले होते. अकराच मिळाले असते तर मध्येच परत यावे लागले असते. दादाचा गुडघा हळूहळू वाकू लागला. तो भिंत धरून उकिडवा बसायचा सराव करायचा, आणि जेवढा खाली जाईल तिथे भिंतीवर मी कोळशाने रेघ ओढायची. रेघ रोज खाली सरकायची. ज्या दिवशी ती जमिनीला टेकली त्या दिवशी मायने पुरण घातले.

तुरी सोंगायच्या, कापणीच्या दिवसांत श्रीरंग अचानक आले. गाडीचा कुठलासा भाग नीट बसत नव्हता, तो दादाला दाखवायला घेऊन आले होते. दादाला चालताना पाहून त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी त्याला मिठी मारली. माझी नजर जमिनीवरच होती, तरी मला ते दिसले. मायने त्या दिवशी गोळाभात केला. बाबांनी त्यांना आपल्या शेजारी पाटावर बसवले. जेवता जेवता श्रीरंग गाडी नेल्याची गंमत सांगू लागले. म्हणाले, मी बारा हजार धरून आलो होतो, तुम्ही पंधरा म्हणालात तेव्हा मनातल्या मनात सगळे खिसे मोजले. तीन हजार जास्त होते ते खोलीच्या डिपॉझिटचे, परत जाऊन मालकाला द्यायचे. तेच दिले. मालकाने सामान बाहेर काढले. गाडी आणि मी दोन महिने मित्राच्या व्हरांड्यात झोपलो. ते हसत होते. पण गाडी सोडवेना हो, म्हणाले, तुम्ही पंधरा सांगितले, मला वाटले तेवढी तिची किंमत असणारच.

बाबांचा घास हातातच राहिला.

"पंधरा मी नाही बोललो," बाबा म्हणाले. "मी अकरा बोललो. पंधरा तुमी बोलले."

"मी? मी कधी बोललो?"

"दुपट्ट्याखाली. तीनदा पंजा दाबला तुमी."

श्रीरंग त्यांच्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "काका, मी तर फक्त हात मिळवला. मला वाटलं, बोलायच्या आधी हात मिळवायची तुमच्याकडची पद्धत असेल."

पहिल्यांदा माय हसली. तिला हसू आवरेना, पदर तोंडात कोंबून ती हसत होती, आणि मग दादा, आणि मग श्रीरंगही. मीसुद्धा दाराआड हसले. बाबा हसले नाहीत. त्यांनी ताट बाजूला सारले आणि हात धुतला. म्हणाले, चार हजार तुमचे आहेत, ते परत येतील. श्रीरंग घाबरून उभेच राहिले. म्हणाले, गाडीची किंमत त्याहून जास्त आहे, पुण्यात लोक मला वीस द्यायला तयार आहेत. दादाही म्हणाला, बाबा, गाडी पंधराची होतीच.

"मंग तवा काहून नाही सांगितलं?"

"तुमी इचारलंच नाही," दादा म्हणाला. "तुमी गाडीचा भाव लावला कुठी? पायाचा लावला."

बाबांनी ओला हात दुपट्ट्याला पुसला. मग म्हणाले, पायाचा लावला तर पायाचाच घेतला पाहिजे. श्रीरंग म्हणाले, पायालाही पंधराच लागले ना, काका? लागले, बाबा म्हणाले, त्यातले चार तुमचे लागले.

आता मला वाटते, बाबांना पैशाचे दुःख नव्हते. आयुष्यभर ज्या हातावर ते जगले, त्या हाताला समोरच्या हाताचे बोलणे समजले नाही, हे त्यांना सलत होते. पुढचे कितीतरी बाजार ते नव्या गिऱ्हाइकाला आधी विचारत, बोटे येतात ना? बाजारातले त्यांना चिडवत, मारोतराव आता शाळा उघडणार म्हणून.

पैसे फेडायला दोन वर्षांहून जास्त लागले. पहिली मनिऑर्डर श्रीरंगांनी परत पाठवली. बाबांनी तीच पुन्हा पाठवली. ती परत आली. पोस्टमन ओसरीवर बसून म्हणाला, या नोटा पुन्याले जाऊन जाऊन हुशार झाल्या, आता यांचं लगीन लावून द्या. बाबांनी तिसऱ्यांदा पाठवली आणि दादाकडून खाली लिहून घेतले, आता परत आली तर मी स्वतः येईन. त्यानंतर परत आली नाही. बाजाराच्या दलालीतले, मायच्या तुपाचे, आणि कापूस वेचणीला मी दुसऱ्यांच्या वावरात जायची त्या मजुरीचे पैसे त्यात जात. कोणी मला द्यायला सांगितले नव्हते. मायच्या हातात ठेवताना मला आपण मोठे झाल्यासारखे वाटे. शेवटच्या वर्षी दादानेही भर घातली. त्याने दिग्रसला बसस्टँडजवळ दुरुस्तीचे दुकान टाकले होते, आणि तिथे दिवसभर तो उकिडवाच बसलेला असायचा.

माझे लग्न ठरले तेव्हा बाबांनी तारीख थोडी पुढे ढकलली. आधी ते देणे संपू दे म्हणाले. सासरच्यांना वाटले मुहूर्ताचे काही असेल. हळदीच्या चार दिवस आधी श्रीरंग आले, दादाने बोलावले होते. अंगणात मांडवाचे खांब रोवलेले होते आणि बैल दुसरीकडे बांधले होते. मी पाण्याचा तांब्या घेऊन गेले. तोपर्यंत मी कधी त्यांच्याशी एक शब्दही बोलले नव्हते. तांब्या घेताना ते म्हणाले, "गाडी अजून दुसऱ्या किकलाच चालू होते हं." मी हो म्हटले. एवढेच म्हटले, पण म्हटले.

मग बाबा बाहेर आले आणि त्यांच्यासमोर बाजेवर बसले. शेवटच्या पैशांची पुरचुंडी श्रीरंगांच्या मांडीवर ठेवली. श्रीरंगांनी ती न मोजता पिशवीत घातली, कारण मोजली असती तर बाबांना वाईट वाटले असते, एवढे ते एव्हाना शिकले होते. बाबांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि हात पुढे केला. श्रीरंगांनी आपला हात दिला. कापड दोघांच्या हातांवर पडले.

"सांगा आता," बाबा म्हणाले, "किती राह्यले?"

श्रीरंग गोंधळले. म्हणाले, काका, काहीच नाही राहिले, पण काहीच नाही हे बोटांनी कसे सांगायचे? ते तुम्ही शिकवले नाही.

बाबा हसले. त्या गाडीच्या बाबतीत ते पहिल्यांदाच हसलेले मी पाहिले.

"त्याचं बोट नसते," ते म्हणाले. "काही राह्यलं नाही, की हात काढून घेतेत."

श्रीरंगांनी मान हलवली. पण हात तसाच दुपट्ट्याखाली राहिला. मायने चहा आणून ठेवला, चहावर साय धरली, दादा दुकानातून येऊन खांबाला टेकून उभा राहिला, तरी दोघे तसेच बसून होते. मग श्रीरंगांनी हळूच हात काढून घेतला.